मावळात काचबिंदू किती? एका आकड्याचा इतिहास

आमचं गाव पवन मावळात. चार वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत आजी बांधावरून घसरली. ज्या बांधावरून ती चाळीस वर्षं डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन चालत आली होती, त्याच बांधावरून. पुढच्या आठवड्यात तिचा खांदा दाराच्या चौकटीला आपटला. घरात सगळे म्हणाले, वय झालं. समोर बसलेल्या माणसाला ती बरोबर ओळखायची, सुईत दोरासुद्धा ओवायची, त्यामुळे डोळ्यांचा संशय कुणाला आलाच नाही.

त्याआधी दोनेक वर्षं एका शिबिरात तिचे डोळे तपासले होते. टॉर्च मारून सांगितलं, मोतीबिंदू आहे, अजून पिकायचाय, पुढच्या वर्षी या. (हे 'पिकणं' आता कालबाह्य झालंय. हल्लीच्या शस्त्रक्रियेला मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही. पण शब्द मागे राहतात.) शेवटी ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि आजी म्हणाली, "मधलं झ्याक दिसतंय गं, कडंचं काय दिसंना." पुण्यात मोठ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की मोतीबिंदूच्या मागे काचबिंदू बसला होता आणि डोळ्याची नस बरीचशी सुकली होती. सुकलेली नस परत येत नाही. थेंब टाकून उरलेली वाचवायची, एवढंच हातात असतं.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं. पीएच.डी.चा विषय ठरवताना आजीची गोष्ट डोक्यात होतीच. पहिल्याच भेटीत मॅडमनी विचारलं, "मावळात चाळिशीपुढच्या लोकांत काचबिंदू किती असेल, अंदाज सांग." मी इकडचे तिकडचे आकडे जमवून अर्ध्या तासात उत्तर काढलं. मॅडमनी कागद बघितला आणि एकच प्रश्न केला, "काचबिंदू कुणाला म्हटलंस?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझं पहिलं सेमिस्टर गेलं. आज ते तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा नुकताच विषय घेतला असेल, तर तुमचा आजार वेगळा असला तरी अडचण हीच येणार आहे.

नावापासूनच घोळ आहे. ग्रीक वैद्य 'ग्लॉकोसिस' म्हणायचे तेव्हा त्यांना बाहुलीतली निळसर-करडी झाक अभिप्रेत होती, आणि त्यात आजचा मोतीबिंदूही मिसळलेला होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'अधिमंथ' आहे. डोळा घुसळल्यासारखा दुखतो, अर्धं डोकं ठणकतं, असं ते वर्णन आजच्या अचानक दाब वाढणाऱ्या काचबिंदूशी बऱ्यापैकी जुळतं. पण आजीचा काचबिंदू कधी दुखलाच नाही. न दुखणारा, हळूहळू कडेची नजर खाणारा हा आजार वेगळा ओळखायला डोळ्याच्या आत बघता यायला हवं होतं, आणि ते साधन हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये दिलं. ऑफ्थॅल्मोस्कोप आल्यावर बर्लिनमध्ये आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफेला काचबिंदूच्या रुग्णांत नसेचं तोंड बदललेलं दिसलं. गंमत म्हणजे सुरुवातीला तो बदल त्यांना फुगवटा वाटला. तो खड्डा आहे, हे नंतर लक्षात आलं. नवीन यंत्रातून पहिल्यांदा बघणाऱ्याचं असं होतं. माझ्या पहिल्या डेटासेटमध्ये मीही अशीच एक गोष्ट उलटी वाचली होती, ती पुन्हा कधीतरी.

१८५७ मध्ये ग्रेफेने दाब उतरवण्यासाठी बुबुळाचा छोटा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. ती लागू पडली आणि काचबिंदू म्हणजे डोळ्याचा दाब हे समीकरण पक्कं झालं. खड्डा आहे पण दाब वाढलेला नाही, असेही रुग्ण त्याला दिसले होते. त्यांना त्याने काचबिंदूच्या बाहेर ठेवलं. हा निर्णय लक्षात ठेवा, कारण पुढची शंभर वर्षं तो निस्तरण्यात गेली.

दाब मोजायचा तर आधी बोटांनी, पापणीवरून चाचपून मोजत. १९०५ मध्ये नॉर्वेच्या श्योट्झने डोळ्यावर टेकवायचं वजनाचं उपकरण आणलं आणि दाबाला आकडा मिळाला. भारतही या गोष्टीत लवकर येतो. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ च्या सुमारास डोळ्याच्या कडेला बारीक गोल छिद्र पाडून पाणी बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली आणि ती जगभर गेली. पण एलियटकडे येणारा माणूस त्रास होऊ लागल्यावर येणारा होता. रुग्णालयाच्या दारात आलेल्यांवरून गावात किती, हे कळत नाही.

आता मुख्य आकडा. १९५८ मध्ये जर्मनीत लायडेकर आणि सहकाऱ्यांनी सुमारे दहा हजार माणसांच्या वीसेक हजार डोळ्यांचा दाब मोजला. सरासरी १५.५, प्रमाण विचलन २.५७. सरासरीत दोन विचलनं मिळवा, २०.६ येतात. तिथून '२१ च्या वर म्हणजे संशय' ही रेषा जगभरच्या दवाखान्यांत पोचली. आजही अनेक ठिकाणी रुग्णाला सांगतात, तुमचा दाब २१ च्या आत आहे, काळजी नको.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातली खोट लगेच दिसायला हवी. कुठल्याही प्रसामान्य वितरणात दोन विचलनांच्या वर सव्वादोन ते अडीच टक्के माणसं असणारच. उंची मोजलीत तरी असतील. 'नेहमीपेक्षा वेगळा' आणि 'आजारी' या दोन गोष्टी एक नाहीत. २१ ही रेषा कोण वेगळा आहे ते सांगत होती, कुणाची नस सुकतेय ते सांगत नव्हती. एवढं साधं, पण एम.एस्सी.ला ९५ टक्क्यांची पट्टी शंभर वेळा काढूनही माझ्या ते डोक्यात आलं नव्हतं.

त्या रेषेला धक्का दिला वेल्समधल्या खाणकामगारांच्या एका गावाने. फर्नडेल नावाचं गाव, ऱ्हॉन्डा खोऱ्यात. हॉलोज आणि ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४० ते ७४ वयाच्या ४,२३१ लोकांना तपासलं. रुग्णालयात आलेले लोक नव्हते ते, गावातल्या त्या वयाच्या जवळजवळ सगळ्यांना बोलावून तपासलं होतं. दिसलं असं की दाब रेषेच्या वर असलेली माणसं भरपूर, पण प्रत्यक्ष काचबिंदूची त्या मानाने फारच थोडी. शिवाय काहींना काचबिंदू होता आणि दाब रेषेच्या आत. ग्रेफेने बाहेर ठेवलेले रुग्ण परत दारात उभे राहिले. या दोघांपैकी फ्रेड हॉलोज पुढे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या डोळ्यांसाठी केलेल्या कामामुळे प्रसिद्ध झाले, पण पाहणी कशी करायची याचा धडा म्हणून मला त्यांचं फर्नडेलच जास्त आवडतं. १९९१ मध्ये बाल्टिमोरच्या पाहणीने हेच ५,३०८ लोकांत दाखवलं: काचबिंदू असलेल्यांपैकी निम्म्यांना तो आहे हे माहीतच नव्हतं, आणि एकदा मोजलेला दाब निम्म्याहून जास्त काचबिंदूच्या डोळ्यांत २२ च्या खालीच होता.

मग भारत. इथे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वेल्लोरमध्ये ३० ते ६० वयाच्या ९७२ लोकांची पाहणी झाली, ती १९९८ मध्ये आली. उघड्या कोनाचा काचबिंदू ०.४१ टक्के, बंद कोनाचा ४.३२ टक्के. (डोळ्यातलं पाणी बुबुळाच्या कडेच्या कोनातून निचरतं. कोन अरुंद होऊन बंद पडला तर एक प्रकार, कोन उघडा असूनही निचरा नीट नाही तर दुसरा.) दोनच वर्षांनी हैदराबाद शहरातली पाहणी आली, ३० वर्षांपुढची. तिथे उघड्या कोनाचा १.६२ टक्के आणि बंद कोनाचा ०.७१ टक्के. दोन शहरांत चित्र अगदी उलटं. पाचशे-सहाशे किलोमीटरमध्ये लोकांचे डोळे एवढे बदलतात का?

थोडे बदलत असतीलही. पण मोठा फरक व्याख्येचा होता. वेल्लोरमध्ये कोन अरुंद आणि दाब वाढलेला किंवा कोन चिकटल्याच्या खुणा असल्या तर त्या माणसाला बंद कोनाचा काचबिंदू म्हटलं गेलं, नसेला इजा झालेली असो वा नसो. इतर ठिकाणी नसेची इजा सक्तीची होती. म्हणजे एका ठिकाणी धोक्यात असलेले मोजले आणि दुसऱ्या ठिकाणी नुकसान झालेले. दोन्ही मोजणं उपयोगाचंच आहे, फक्त दोघांना एकच नाव दिल्यावर तुलना फसते. अर्ध्या तासात काढलेल्या माझ्या पहिल्या उत्तरात मी वेल्लोरचा बंद कोन आणि हैदराबादचा उघडा कोन यांची चक्क बेरीज केली होती. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त तो कागद माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लावायला सांगितला. अजून तिथेच आहे.

२००२ मध्ये फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी पाहण्यांसाठी एक सामायिक व्याख्या मांडली, आज बहुतेक सगळे तीच वापरतात. तिच्यात दाब मुख्य निकष राहिलेला नाही. नसेच्या तोंडातला खड्डा त्या समाजातल्या निरोगी लोकांच्या ९७.५ व्या शतमानापेक्षा मोठा असेल आणि जोडीला कडेची नजर गेल्याचं यंत्रावर दिसलं, तर तो काचबिंदू. यंत्राची तपासणी धड झाली नाही तर खड्ड्याची अट कडक होते, ९९.५ वं शतमान. आणि डोळा एवढा गढूळ असेल की नस दिसतच नाही, तर दृष्टी ३/६० हून कमी आणि दाब ९९.५ व्या शतमानाच्या वर असला तर धरायचं.

'त्या समाजातल्या निरोगी लोकांच्या' या शब्दांवर थांबा. मावळातला आजारी कोण हे ठरवायला आधी मावळातला निरोगी कसा असतो हे मोजावं लागतं. चेन्नईचं शतमान उचलून इथे लावलं तर लायडेकरची रेषा उचलली तसंच होईल. आणि यंत्राची तपासणी! एका डोळ्यावर पट्टी, समोर पांढरा वाडगा, कुठेही बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. शिकलेल्या माणसालासुद्धा पहिल्यांदा जमत नाही. आजीने पहिल्या खेपेला दिवा दिसला की "दिसला!" म्हणून सांगितलं आणि बटण दाबायचं राहूनच गेलं.

महाराष्ट्रातली मोठी पाहणी आहे ती नागपूरकडची. २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या आठ गावांत ३० वर्षांपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले. नागपूरचे विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांचं हे काम, 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' या नावाने ओळखलं जातं. बोलावलेल्यांपैकी ८० टक्के लोक आले. शेतकाम चालू असताना गावातून ८० टक्के लोक तपासणीला येणं म्हणजे काय, हे ज्याने घरोघर फिरून सर्व्हे केलाय त्यालाच कळेल. या पाहणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या लोकांच्या पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या काचेची, सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली. युरोपीय लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास असते. दाब मोजणारं उपकरण याच काचेवर दाबून मोजतं. काच पातळ असेल तर दाब असतो त्याहून कमी दिसतो. तेव्हा युरोपात तयार झालेली २१ ची रेषा विदर्भातल्या डोळ्याला लावली तर चूक एकदा नाही, दोनदा होते.

(तळेगावला पैसा फंडाचा जुना काच कारखाना आहे, आणि काचबिंदूचा त्याच्याशी काही संबंध आहे का असं मला एकदा कॉलेजात कुणीतरी विचारलं होतं. नाही. भट्टीच्या उष्णतेने काच कामगारांना व्हायचा तो मोतीबिंदू.)

लोणावळ्याचा मात्र संबंध आहे. कैवल्यधाम तिथे १९२४ मध्ये सुरू झालं आणि स्वामी कुवलयानंदांनी त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो हे त्यांनी दाबमापक लावून मोजलं, क्ष-किरणांखाली बघितलं. आसनांबद्दल मत द्यायच्या आधी मोजा, ही शिस्त इथे शंभर वर्षं जुनी आहे. डोळ्याच्या बाबतीत ते मोजमाप २००६ मध्ये चेन्नईच्या डॉक्टरांनी केलं: शीर्षासन करणाऱ्या ७५ योगाभ्यासींत डोळ्याचा दाब आसनात साधारण दुप्पट झाला. मात्र आसन न करताना दाब चढलेला असण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आढळलं नाही. म्हणजे निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही, पण ज्याची नस आधीच नाजूक झालीय त्याने शीर्षासन टाळावं, असं डॉक्टर सांगतात. अडचण पुन्हा तीच. आपली नस नाजूक आहे हे त्याला माहीत हवं ना.

ते माहीत नसतं, यावर सगळ्या भारतीय पाहण्यांचं एकमत आहे. हैदराबादमध्ये उघड्या कोनाचे २७ रुग्ण सापडले, त्यांतल्या फक्त दोघांना आधी माहीत होतं. त्या २७ पैकी १८ जणांचा दाब तपासणीत २२ च्या खाली होता. चेन्नईभोवतीच्या गावांत ४० वर्षांपुढे १.६२ टक्के लोकांत हा प्रकार सापडला आणि त्यांपैकी ९८.५ टक्क्यांना पत्ता नव्हता. चेन्नई शहरात प्रमाण ३.५१ टक्के, गावांच्या दुप्पट. मदुराईच्या अरविंदच्या पाहणीत सगळे प्रकार मिळून २.६ टक्के.

मग सरकारी आकड्यांत हा आजार एवढा लहान का दिसतो? २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदू ६६.२ टक्के आणि काचबिंदू ५.५ टक्के. हा आकडा खोटा नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या पाहणीत चांगल्या डोळ्याने समोरचं ३/६० सुद्धा दिसत नाही असा माणूस अंध धरतात. आजी सुईत दोरा ओवत होती. कडेची नजर मोजलीच जात नाही. आणि अशा जलद पाहण्यांचा नियम असा की एका माणसात दोन कारणं सापडली तर जे सहज बरं होण्यासारखं आहे ते मुख्य कारण म्हणून लिहायचं. नियमामागे विचार आहे, कुठे शस्त्रक्रिया वाढवायच्या ते त्यातून कळतं. पण मोतीबिंदूच्या मागे काचबिंदू असलेला माणूस मोतीबिंदूच्या रकान्यात जातो. शिबिरातल्या त्या वहीत आजी जशी गेली, तशीच. तिची नोंद चुकली असं मला सुरुवातीला वाटायचं आणि रागही यायचा. नोंद नियमाप्रमाणे होती.

आता मॅडमचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत मावळ तालुक्याची लोकसंख्या सुमारे पावणेचार लाख. चाळिशीपुढचे चौथाई धरले तर ९५ हजारांच्या आसपास. चेन्नईच्या गावांचं प्रमाण लावलं तर १,५०० माणसं, शहराचं लावलं तर ३,३०० (हे दोन्ही फक्त उघड्या कोनाचे), मदुराईचं सगळ्या प्रकारांचं लावलं तर अडीच हजार. मावळ धड गाव नाही, धड शहर नाही. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा हा लोहमार्ग-महामार्गाचा पट्टा वेगळा आणि आंदर मावळ, नाणे मावळातल्या वाड्या वेगळ्या. म्हणून एकच टक्का सगळीकडे लावणं मला पटत नाही. माझ्या आराखड्यात हे दोन थर वेगळे ठेवलेत.

नमुना किती? प्रमाण २.६ टक्के धरून अर्ध्या टक्क्याच्या मर्यादेत उत्तर हवं असेल तर सूत्राने सुमारे ३,९०० येतात. गावंच्या गावं निवडली तर शेजारी-शेजारी, नातेवाईक-नातेवाईक एकसारखे निघतात, त्यासाठी दीडपट करा, ५,८०० च्या वर जातं. चेन्नई, मदुराई, नागपूर, सगळ्यांचे नमुने चार-पाच हजारांच्या घरात का आहेत ते आता लक्षात आलं असेल. एकटी पीएच.डी.ची विद्यार्थिनी हे करू शकत नाही. माझा प्रबंध त्यामुळे आटोपशीर झाला: उपलब्ध पाहण्यांच्या व्याख्या एका पातळीवर आणल्या तर आकडे किती सरकतात, एवढंच त्यात आहे. विषय लहान झाला याचं आधी वाईट वाटलं होतं, आता नाही वाटत.

रक्ताच्या जवळच्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो, हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. मी ते वाचून, अधोरेखित करून, नोट्स काढून बरोबर आठ महिन्यांनी आईला तपासणीला नेलं. तिचं वय एकावन्न. दाब १६. टॉर्चवाल्याने किंवा २१ च्या रेषेवाल्याने तिला घरी पाठवलं असतं. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून नस बघितली, काचेची जाडी मोजली, वाडग्याच्या यंत्रावर बसवलं. डाव्या डोळ्यातला खड्डा मोठा आहे, नजर अजून शाबूत आहे. दर सहा महिन्यांनी यायला सांगितलंय. पुढची तारीख भाताच्या कापणीत येते, म्हणून आई ती पुढे ढकलायचं म्हणतेय. आजीने तिला सरळ सांगितलं, कापणी मी बघते.